कॉपर सल्फाइडची फेज ओळखायची तर आधी सल्फर बघा, कॉपर नंतर

एका विद्यार्थ्याचा प्रश्न थोडक्यात असा आहे. (फेज म्हणजे त्याच घटकांची अणूंची एक ठराविक रचना, खालची कॅल्कोसाइट वगैरे नावं अशा फेजेसची आहेत.) थायोयुरिया (सल्फर देणारं संयुग) आणि कॉपर क्लोराइड घेऊन हायड्रोथर्मल पद्धतीने, म्हणजे बंद भांड्यात पाण्यात तापवून, कॉपर सल्फाइडच्या दोन बॅच केल्यात. पहिलीत कॉपर-सल्फरचं प्रमाण २:१ धरलं होतं, तिचा एक्सआरडी (एक्स-रे डिफ्रॅक्शनचा पॅटर्न) सॉफ्टवेअरला दिला की एकदा कॅल्कोसाइट मॅच होतं आणि एकदा ज्युर्लाइट, वर डीएससीत (सँपल तापवत उष्णता मोजायची पद्धत) ९३ आणि १०३ अंश सेल्सियसला दोन वेगळे पीक येतात. दुसऱ्या बॅचमधे सल्फर जास्त आहे, प्रमाण १.७५ च्या आसपास, ती पावडर तशीच मोजली तर ॲनिलाइट दिसतं आणि मॉर्टरमधे (खलात) घोटून मोजली तर डायजेनाइट. गाइड म्हणतात की थीसिसमधे एकच नाव लिहा. मग खरं स्ट्रक्चर कोणतं?

सरळ सांगतो, तुमच्या डेटात काही बिघडलेलं नाहीये. मशीन बरोबर सांगतंय, सॉफ्टवेअर पण त्याच्या परीने बरोबर आहे. हे मटेरियलच असं आहे की कॉपर किती, तापमान किती आणि सँपलचं आधी काय काय झालंय या तिन्हीवर फेज ठरते, आणि त्यातली तिसरी गोष्ट पेपरात बहुतेक कोणी लिहीतच नाही.

आता मुळापासून बघू, कारण हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप सुटतं. कॉपर सल्फाइडच्या कॉपर जास्त असलेल्या फेजेसमधे (म्हणजे प्रमाण १.७५ पासून २ पर्यंत) सल्फरचे मोठे आयन थरावर थर रचून बसलेले असतात आणि कॉपरचे छोटे आयन त्यांच्या मधल्या जागांमधे असतात. चाळ तीच, खोल्या त्याच, आणि भाडेकरू सारखे खोली बदलतायत असं समजा. सल्फर म्हणजे चाळ. थर रचायच्या दोन पद्धती, एक अ-ब-अ-ब म्हणजे हेक्सागोनल, दुसरी अ-ब-क-अ-ब-क म्हणजे क्यूबिक. कॅल्कोसाइट आणि ज्युर्लाइट हे पहिल्या चौकटीतले, डायजेनाइट आणि ॲनिलाइट दुसऱ्या. एकाच चौकटीत कॉपरने जागा बदलली तर खर्च फार कमी येतो, सामान्य तापमानाला किंवा थोड्याशा उष्णतेनेही ते होऊन जातं, पण सल्फरचे थरच सरकवायचे असतील तर काम जड आहे. म्हणून मी कुठलाही कॉपर सल्फाइडचा पॅटर्न हातात आला की पहिल्यांदा एवढंच बघतो की सल्फर कुठल्या पद्धतीने रचलाय. नाव नंतर.

हे पॅटर्नमधे कसं बघायचं ते सांगतो. तुम्ही कॉपरची एक्स-रे ट्यूब वापरली असेल असं धरतो, बहुतेक कॉलेजांत तीच असते. हेक्सागोनल चौकट असेल तर ठळक पीक ३७.५ अंशाजवळ (हे अंश एक्सआरडीच्या कोनाचे, तापमानाचे नाहीत), ४६ जवळ आणि ४८.५ जवळ येतात. क्यूबिक असेल तर २७.८, ३२.२, ४६.२ आणि ५४.७ च्या आसपास. यात ४६ चा पीक दोन्हीकडे आहे बघा, कारण एका थरातल्या सल्फर-सल्फर अंतरावरून तो येतो आणि थर कसेही रचले तरी एका थराच्या आतलं अंतर जवळपास तेच राहतं. त्यामुळे ४६ चा पीक सगळ्यात मोठा आला म्हणून अमुक फेज असं कोणी म्हणत असेल तर त्याला काही अर्थ नाही, तो पीक काहीच निवडून देत नाही. ३७.५ आणि ४८.५ ची जोडी आहे का आणि ३२.२ ला खणखणीत पीक आहे का, या दोन गोष्टी बघा.

तुमच्या पहिल्या बॅचमधे ३७.५ आणि ४८.५ दोन्ही असणार, कारण सॉफ्टवेअर कॅल्कोसाइट आणि ज्युर्लाइट यातच घुटमळतंय. म्हणजे हेक्सागोनल चौकट पक्की. आता या दोघांत फरक काय? खोलीच्या तापमानाला कॅल्कोसाइट मोनोक्लिनिक आहे (हेक्सागोनल हे फक्त सल्फरच्या चौकटीचं वर्णन, मोनोक्लिनिक हे कॉपर धरून पूर्ण रचनेचं), युनिट सेलमधे, म्हणजे क्रिस्टलमधे परत परत येणाऱ्या तुकड्यात, ९६ कॉपर आणि ४८ सल्फर. ज्युर्लाइट पण मोनोक्लिनिक, पण त्याच्या सेलमधे २४८ कॉपर आणि १२८ सल्फर आहेत, म्हणजे ३७६ अणूंचा सेल, एक बाजू जवळजवळ २७ अँगस्ट्रॉम लांब. या दोन्ही स्ट्रक्चर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणातल्या हॉवर्ड एव्हान्स यांनी १९७० च्या दशकात सिंगल क्रिस्टलवर काम करून सोडवल्या, आणि ज्युर्लाइटमधे एकमेकांपासून वेगळे असे ६२ कॉपर निघाले, त्यातले ५२ तीन सल्फरच्या त्रिकोणात, ९ चार सल्फरच्या टेट्राहेड्रनमधे आणि १ दोनच सल्फरमधे सरळ रेषेत. हे आकडे मुद्दाम देतोय. लॅबमधल्या साध्या पावडर पॅटर्नवर, ज्यात पीक रुंद आहेत आणि एकमेकांवर चढलेत, त्यावर कोणी ६२ कॉपरच्या जागा रिटव्हेल्डने (पूर्ण पॅटर्नवर मॉडेल बसवायची पद्धत) रिफाइन केल्या म्हणत असेल तर ते आकडे डेटामधून आलेले नसतात, ते मॉडेलमधून आलेले असतात. सेल पॅरामीटर काढा, ल बेल फिट (अणूंच्या जागा न धरता फक्त सेल बसवणं) करा, तिथपर्यंत ठीक, जागा रिफाइन करायच्या फंदात पडू नका.

दोघांचे मुख्य पीक किती जवळ आहेत ते बघा, कॅल्कोसाइटचा ३७.४ ला आणि ज्युर्लाइटचा ३७.६ च्या थोडा वर, म्हणजे अंतर साधारण पाव अंश. सँपल होल्डरमधे पावडर थोडी वर किंवा खाली बसली तरी एवढा सरक सहज येतो. म्हणून या मटेरियलला इंटर्नल स्टँडर्ड लागतोच. थोडी सिलिकॉन पावडर मिसळायची, तिचा पहिला पीक २८.४४ ला यायला हवा, तो कुठे आला त्यावरून बाकीचं सगळं दुरुस्त करायचं. बहुतेक विद्यापीठांत सिलिकॉन स्टँडर्ड एक्सआरडी मशीनच्या कपाटातच असतं, ऑपरेटरला विचारा. आणि स्कॅन हळू घ्या, निदान ३६ ते ५० अंशाचा भाग तरी, फास्ट स्कॅनवर या दोघांचा निकाल लागतच नाही.

मग तुम्ही म्हणाल की ईडीएस (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधे एक्स-रेवरून घटक मोजणं) करून कॉपर मोजू. इथेच बरेच जण अडकतात. प्रमाण २ असेल तर कॉपरचा अणूंमधला वाटा ६६.७ टक्के, १.९४ असेल तर ६६.० टक्के. फरक पाऊण टक्क्याच्याही आत. साध्या स्टँडर्डलेस ईडीएसची चूक त्याच्यापेक्षा मोठी असते, पावडरचा खडबडीतपणा धरला तर आणखी मोठी. म्हणजे ईडीएसवर १.९७ आलं म्हणून ते कॅल्कोसाइट की ज्युर्लाइट हे सांगताच येत नाही. ईडीएस कशासाठी चांगलं, तर कॉपर-सल्फर १ च्या जवळ आहे की २ च्या, आणि क्लोरीन राहिलंय का हे बघायला. (क्लोराइड वापरलंय म्हणून सांगतो, नीट धुतलं नाही तर राहतं.) खरं अचूक मोजायचं असेल तर इलेक्ट्रोकेमिकल सेल लावून कूलोमेट्री (वाहिलेल्या विजेवरून कॉपर मोजणं) करायची, या सिस्टिमच्या फेज डायग्रामचा (कुठल्या प्रमाणाला आणि तापमानाला कोणती फेज याचा नकाशा) खालचा भाग १९७७ मधे पॉटर यांनी याच मार्गाने नीट बसवला, आणि त्यातून ज्युर्लाइटची रेंज साधारण १.९३ ते १.९६५ आणि कॅल्कोसाइटची जवळपास २ लाच चिकटलेली अशी मिळाली.

तुमच्याकडे ईडीएसपेक्षा चांगला पुरावा आधीच आहे, डीएससी. माझ्या मते या मटेरियलसाठी डीएससी हे एक्सआरडीइतकंच महत्त्वाचं आहे आणि लोक उगाच ते शेवटी करतात. ज्युर्लाइट ९३ अंशाला मोडतं, त्यातून वरची हेक्सागोनल फेज आणि डायजेनाइट असे दोन भाग होतात. कॅल्कोसाइट, कॉपरने पूर्ण भरलेलं असेल तर, १०३.५ ला बदलतं. म्हणजे तुमचे दोन पीक दोन नावांचे आहेत, पहिली बॅच मिश्रण आहे. पण त्यात अजून एक गोष्ट दडलीय जी मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. कॅल्कोसाइटमधे कॉपर जरा जरी कमी झालं तरी त्याचं ट्रान्झिशन (फेज बदलायचं तापमान) खाली उतरतं, पार ९० पर्यंत. कॅल्कोसाइट आणि ज्युर्लाइट एकमेकांना चिकटून खरोखर समतोलात असते तर कॅल्कोसाइटला १०३ पर्यंत पोचताच आलं नसतं, ९० च्या आसपासच दोघांनी मिळून बदलायला सुरुवात केली असती. तुमच्याकडे १०३ चा पीक वेगळा आणि स्वच्छ आहे, याचा अर्थ काही कण कॉपरने भरलेले आहेत आणि काही कण कमी भरलेले, आणि ते आपापले वेगळे आहेत, त्यांच्यात कॉपरची देवाणघेवाण झालेली नाही. म्हणजे तुमची रिॲक्शन सगळीकडे सारखी झालेली नाही. ऑटोक्लेव्हच्या (रिॲक्शनच्या बंद भांड्याच्या) तळाला बसलेला भाग आणि वरचा भाग वेगळा घेऊन मोजा, किंवा बंद काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबमधे २०० ला एक-दोन दिवस ॲनील करून (तापवत ठेवून), सावकाश गार करून परत डीएससी घ्या. पीक एकमेकांजवळ सरकले किंवा एकच राहिला तर माझं म्हणणं बरोबर.

डीएससी करताना दोन पथ्यं पाळा. पॅन बंद हवा, उघड्या पॅनमधे हवेचा अंश जरी लागला तरी पावडर ऑक्सिडाइज होऊन प्रमाणच बदलतं. आणि पहिलं हीटिंग आणि दुसरं हीटिंग दोन्ही रिपोर्ट करा. पहिलं हीटिंग तुमच्या सँपलचा इतिहास सांगतं, दुसरं हीटिंग फक्त एवढं सांगतं की वरून गार झाल्यावर काय बनलं. गार होताना पीक खाली सरकलेले दिसतील, ज्युर्लाइट परत बनायला वेळ लावतं, ते बघून घाबरू नका. बरेच जण पहिलं हीटिंग "थर्मल हिस्टरी घालवायला" म्हणून टाकून देतात, ती पॉलिमरवाल्यांची सवय आहे, इथे तीच हिस्टरी आपल्याला हवी असते.

१०३ च्या वर काय होतं तेही सांगतो कारण पुढे व्हायव्हात विचारतीलच. सल्फरची हेक्सागोनल चौकट तशीच राहते, कॉपरची शिस्त मात्र जाते. ९६ कॉपर ठरलेल्या जागी बसलेले होते ते आता त्रिकोणी, टेट्राहेड्रल आणि दोनच सल्फरच्या मधल्या जागांवर वाटले जातात आणि सारखे फिरत राहतात. म्हणून १४४ अणूंचा मोठा मोनोक्लिनिक सेल आकसून छोटा हेक्सागोनल सेल होतो, एक बाजू साधारण ४ अँगस्ट्रॉम आणि उंची पावणेसातच्या आसपास. यालाच सुपरआयॉनिक फेज म्हणतात, सल्फर घन आणि कॉपर जवळपास द्रवासारखा वाहता. अजून वर, सुमारे ४३५ अंशाला सल्फरचेच थर सरकतात आणि क्यूबिक चौकट येते, तिथून ती सुमारे ११३० ला वितळेपर्यंत क्यूबिकच. म्हणजे एकाच मटेरियलमधे एक ट्रान्झिशन कॉपरचं आणि एक सल्फरचं, दोन्ही शुद्ध स्वरूपात बघायला मिळतात. शिकवायला याच्याइतकं छान उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

तुमचे कण नॅनो असतील तर मात्र १०३ हा आकडा जसाच्या तसा धरू नका. बर्कलीच्या अलिव्हिसाटोस ग्रुपने २०११ मधे दाखवलं की कण लहान होत गेले की हे ट्रान्झिशनचं तापमान खाली उतरत जातं. त्याच वर्षी त्यांनी एका नॅनोरॉडला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ट्रान्झिशनच्या तापमानाजवळ धरून ठेवलं तेव्हा तो रॉड दोन स्ट्रक्चरमधे सारखा इकडून तिकडे होताना दिसला. यातून तुमच्यासाठी कामाची गोष्ट ही की टीईएमचा (ट्रान्समिशन इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा) बीम स्वतःच सँपल तापवतो आणि कॉपर हलवतो. टीईएममधे हाय कॅल्कोसाइटचा (म्हणजे १०३ च्या वरच्या हेक्सागोनल फेजचा) पॅटर्न मिळाला म्हणून तुमची पावडर बाटलीत पण तशीच आहे असं होत नाही. बीम कमी ठेवा, शक्य असेल तर क्रायो होल्डर (सँपल थंड ठेवणारा) मागा, आणि पहिल्या काही सेकंदांतला डिफ्रॅक्शन पॅटर्न आणि नंतरचा, दोन्ही जपून ठेवा.

आता दुसरी बॅच, ॲनिलाइट आणि डायजेनाइटची. हे कोडं तर १९६९ मधेच सुटलंय. ॲनिलाइट हे नाव जपानच्या अकिता प्रांतातल्या आनी खाणीवरून आलं, मोरिमोतो आणि सहकाऱ्यांनी त्याचं वर्णन केलं, आणि तेव्हाच हे समोर आलं की ॲनिलाइट घोटलं की त्याचं डायजेनाइट होतं. दोघांचीही सल्फर चौकट क्यूबिक आहे. ॲनिलाइटमधे कॉपर एका ठराविक क्रमाने बसलेत म्हणून ते ऑर्थोऱ्हॉम्बिक (कोन काटकोन, तिन्ही बाजू वेगळ्या) आहे, सेलच्या बाजू साधारण ७.९, ७.८ आणि ११ अँगस्ट्रॉम. मॉर्टरमधे घासताना दाब, घर्षण आणि थोडी उष्णता मिळते, कॉपरचा क्रम मोडतो, चौकट हलत सुद्धा नाही, आणि मशीनला डायजेनाइट दिसतं. तापवूनही तेच होतं, ७५ अंशाच्या आसपास ॲनिलाइट मोडतं. म्हणजे तुमची बॅच ॲनिलाइट होती आणि तुम्ही ती घोटून बदललीत, एवढं साधं आहे. ही पावडर घोटायचीच नाही. हलक्या हाताने चाळून घ्या, किंवा अल्कोहोलमधे पसरवून काचेवर ओतून वाळवा आणि तशीच मोजा. ड्रायिंग ओव्हन पण बघा, पावडर ८० ला वाळवली असेल तर तिथेच खेळ संपला, खोलीच्या तापमानाला व्हॅक्यूममधे वाळवा. कित्येक पेपरांत "८० अंशाला रात्रभर वाळवलं" असं लिहिलेलं असतं आणि पुढे डायजेनाइट मिळालं म्हणून आनंद व्यक्त केलेला असतो, तेव्हा मी मनात म्हणतो की ओव्हनने बनवलंय ते, रिॲक्शनने बनवलं की नाही हे आता कोण सांगणार.

डायजेनाइटबद्दल एक जोड. खनिज म्हणून जे डायजेनाइट मिळतं त्यात थोडं लोह असतं, आणि मोरिमोतो आणि सहकाऱ्यांच्या १९७० च्या आसपासच्या कामातून असं दिसलं की खोलीच्या तापमानाला डायजेनाइट टिकायला ते एखाद टक्का लोह लागतं. शुद्ध कॉपर-सल्फरमधलं डायजेनाइट तापमान उतरल्यावर काही काळ तसंच राहतं, पण ते अडकून राहिलेलं असतं, खरं स्थिर नसतं. म्हणून महिनाभराने परत मोजल्यावर पॅटर्न बदलला तर दोष कुणाला देऊ नका.

आणि इथे अजून एक सापळा आहे, रॉक्सबायाइट. प्रमाण १.७८ च्या आसपास, म्हणजे कागदावर डायजेनाइट आणि ॲनिलाइटचं शेजारी, पण सल्फरची चौकट हेक्सागोनल, थोडी वाकडी झालेली. ओलेइलअमाइनसारखं सॉल्व्हंट आणि थायॉल वापरून नॅनोक्रिस्टल करणाऱ्यांना हे सारखं भेटतं. त्यामुळे "माझं प्रमाण १.८ आलं म्हणून डायजेनाइट" हे वाक्य अर्धवट आहे. प्रमाण सारखं असूनही चौकट वेगळी असू शकते, आणि पुढच्या कामात चौकटच महत्त्वाची ठरते. उदाहरणार्थ कॉपर काढून त्याजागी कॅडमियम किंवा झिंक घालायचं कॅटायन एक्सचेंज केलं तर हेक्सागोनल चौकटीतून वुर्टझाइट (हेक्सागोनल रचना) मिळतं आणि क्यूबिक चौकटीतून झिंक ब्लेंड (क्यूबिक रचना). सल्फर जागचा हलत नाही, फक्त धातू बदलतो. तुमचा पुढचा प्लॅन त्या दिशेने असेल तर चौकट आत्ताच पक्की करा.

सॉफ्टवेअर कधी टेट्रागोनल म्हणून अजून एक कार्ड (डेटाबेसमधला संदर्भ पॅटर्न) दाखवेल, प्रमाण १.९६ किंवा २ लिहिलेलं. ते मॅच उडवून लावू नका. ही फेज दाबाखाली स्थिर होते कारण ती जास्त दाट आहे, साध्या दाबाला ती मेटास्टेबल (खरी स्थिर नाही, नुसती टिकून राहिलेली), पण नॅनोकणांत आणि फिल्ममधे खूपदा दिसते. तिची चौकट क्यूबिक प्रकारची, आणि ओळख म्हणजे ३२.६ आणि ३९ अंशाजवळचे पीक. ३९ ला कॅल्कोसाइट किंवा डायजेनाइटचा मोठा पीक नसतो, म्हणून ३९ बघा. असला तर टेट्रागोनल आहे.

कोव्हेलाइटबद्दल तुम्ही विचारलं नाहीये पण थायोयुरिया जास्त झाला की तेच बनतं, म्हणून दोन शब्द. कॉपर-सल्फर १:१, रंग निळा-जांभळा, हेक्सागोनल, एक बाजू ३.७९ आणि उंची १६.३ अँगस्ट्रॉम. हे वरच्या कुटुंबातलं नाहीच, इथे दोन तृतीयांश सल्फर जोडीने बांधलेले असतात, एकमेकांपासून २.०७ अँगस्ट्रॉमवर. फॉर्म्युला बघून सगळे म्हणतात कॉपर दोन प्लस आहे, पण एक्सपीएसमधे (अणूंची चार्जची अवस्था दाखवणारी एक्स-रे पद्धत) कॉपर एक प्लससारखाच दिसतो आणि इलेक्ट्रॉनच्या रिकाम्या जागा, म्हणजे होल, सल्फरच्या पट्ट्यात जातात. त्यामुळे ते धातूसारखं वीज वाहतं. माइसनर यांना १९२९ मधेच याच्यात सुमारे १.६ केल्विनला सुपरकंडक्टिव्हिटी सापडली होती, आणि ५५ केल्विनच्या खाली याचं स्ट्रक्चर किंचित वाकून ऑर्थोऱ्हॉम्बिक होतं. मग कोव्हेलाइटच्या फिल्मचा टाउक प्लॉट (प्रकाशाच्या शोषणावरून बँड गॅप काढायचा आलेख) काढून "बँड गॅप २ इलेक्ट्रॉन-व्होल्ट" असं लिहिलेलं दिसतं तेव्हा सावध राहा, प्रकाश शोषायला तिथून सुरुवात होते एवढाच त्याचा अर्थ, ते सेमीकंडक्टर आहे असा नाही. तापवताना बंद ट्यूबमधे कोव्हेलाइट ५०७ पर्यंत टिकतं, उघड्या नायट्रोजनच्या प्रवाहात त्याच्या बरंच आधीच सल्फर सोडून डायजेनाइटकडे जातं, म्हणून टीजीएचा (तापवताना वजन मोजायच्या पद्धतीचा) आकडा आणि फेज डायग्रामचा आकडा जुळत नाही.

हवेचं काय ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, कारण तुमच्या सगळ्या घोळात तिचाही हात असू शकतो. कॅल्कोसाइट हवेत, विशेषतः दमट हवेत ठेवलं की कॉपर पृष्ठभागावर येतो, तिथे त्याचा ऑक्साइड होतो, आणि आतल्या भागात कॉपर कमी पडून ज्युर्लाइट व्हायला लागतं. चौकट तीच असल्याने काहीच अडत नाही. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात उघड्या बाटलीत ठेवलेली पावडर आणि उन्हाळ्यात मोजलेली पावडर सारखी असेल याची खात्री मी तरी देणार नाही. नॅनोकण असतील तर हे डोळ्यांनी नाही पण स्पेक्ट्रममधे लगेच दिसतं, हवा लागली की कॉपर कमी होऊन होल वाढतात आणि नीअर-इन्फ्रारेडमधे एक रुंद शोषणाचा पट्टा उगवतो. २०११ नंतर यालाच प्लाझ्मॉन (होलचं एकत्र हेलकावणं) म्हणून खूप काम झालं. फेज शुद्ध आहे का हे बघायला तो फुकटचा इशारा आहे, युव्ही-व्हिज-एनआयआर मशीनवर पाच मिनिटांत कळतं. पट्टाच नसेल तर कॉपर भरलेला आहे, पट्टा मोठा असेल तर कॉपर निघून गेलाय.

हे सगळं इतकं ताणून का सांगतोय तर कॉपर हलण्याच्या या सवयीने मोठमोठे प्रकल्प अडवलेत. १९५४ मधे अमेरिकेत राइट-पॅटरसन हवाई तळावरच्या प्रयोगशाळेत कॅडमियम सल्फाइडवर फोटोव्होल्टाइक परिणाम दिसला, पुढे त्यातून कॉपर सल्फाइड-कॅडमियम सल्फाइडचे सोलर सेल आले. करायची पद्धत किती सोपी, कॅडमियम सल्फाइडची फिल्म गरम कॉपर क्लोराइडच्या द्रावणात काही सेकंद बुडवायची, वरच्या थरात कॅडमियम जाऊन कॉपर बसतो, चौकट तीच. १९८० च्या सुमारास डेलावेअर विद्यापीठातल्या इन्स्टिट्यूट ऑफ एनर्जी कन्व्हर्जनने १० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता गाठली. पण सेल टिकेनात, कॉपर जंक्शनकडे सरकायचा, कॅल्कोसाइटचं ज्युर्लाइट व्हायचं आणि करंट पडायचा. शेवटी सगळं जग दुसऱ्या मटेरियलकडे वळलं. थर्मोइलेक्ट्रिकमधे पण तसंच. २०१४ मधे १.९७ प्रमाणाच्या कॉपर सल्फाइडला १००० केल्विनला १.७ झेडटी (उष्णतेतून वीज बनवायच्या क्षमतेचा आकडा) मिळाल्याचं आलं, आकडा सुंदर आहे, पण करंट सोडला की कॉपर एका टोकाला जाऊन धातू म्हणून बाहेर पडतो, आणि याच्याच भावंडामुळे, म्हणजे कॉपर सेलेनाइडमुळे, १९७० च्या दशकात अमेरिकेतला अंतराळयानांसाठीचा एक कार्यक्रम बंद करावा लागला होता. आणि पॉवर ट्रान्सफॉर्मरच्या तेलात डायबेंझिल डायसल्फाइडसारखं गंधकाचं संयुग असेल तर तांब्याच्या गुंडाळीवरून कॉपर सल्फाइड कागदी इन्सुलेशनवर जाऊन बसतं आणि ट्रान्सफॉर्मर फुटतो, हे गेल्या वीसेक वर्षांत वीज कंपन्यांनी चांगलंच अनुभवलंय. चालता कॉपर हे याचं वैशिष्ट्य पण आहे आणि अडचण पण.

आपल्याकडे फिल्मचं काम भरपूर झालंय, कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात केमिकल बाथ आणि सिलार (आळीपाळीने वेगवेगळ्या द्रावणांत बुडवायच्या) पद्धतीने मेटल सल्फाइडच्या फिल्म कित्येक वर्षं होतायत, आणि त्या पद्धती स्वस्त आहेत म्हणून तालुक्याच्या कॉलेजातही पोचल्यात. माझं कळकळीचं सांगणं असं की त्या फिल्मला नाव देताना एवढी काळजी घेतलीत तर बाहेरचा कोणीही तुमचं काम परत करून बघू शकेल. आत्ता होतं काय की एकाच रेसिपीला पाच पेपरांत पाच नावं सापडतात आणि नवा विद्यार्थी गोंधळतो, जसे तुम्ही गोंधळलात.

तर गाइडना काय सांगायचं? पहिल्या बॅचसाठी लिहा की सल्फरची चौकट हेक्सागोनल, खोलीच्या तापमानाला कॅल्कोसाइट आणि ज्युर्लाइटचं मिश्रण, पुरावा म्हणून सिलिकॉन स्टँडर्डसकट एक्सआरडी आणि पहिल्या हीटिंगचे ९३ व १०३ चे डीएससी पीक. एकच नाव हवंच असेल तर सँपल ॲनील करून, कॉपर थोडा जास्त ठेवून एकच पीक येईपर्यंत काम करा, नाव मग द्या, उलट्या क्रमाने नको. दुसऱ्या बॅचसाठी लिहा ॲनिलाइट, न घोटलेली पावडर, आणि घोटल्यावर डायजेनाइट होतं हे वेगळ्या आकृतीत दाखवा. ते लपवू नका, परीक्षकाला ही गोष्ट माहीत असेल तर तो खूश होईल, माहीत नसेल तर त्याला नवीन काही कळेल. गाइडना मिश्रण हा शब्द खटकत असेल तर डीएससीचा कर्व्ह समोर ठेवा, त्यावर वाद घालायला फारशी जागा राहत नाही.

मेथड सेक्शनमधे वाळवायचं तापमान, घोटलं की नाही, बनवल्यापासून किती दिवसांनी मोजलं आणि पावडर कशात ठेवली होती हे चार तपशील टाका. उरलेली पावडर आजच लहान लहान बाटल्यांत वाटून आर्गॉन भरून बंद करा, आर्गॉन नसेल तर व्हॅक्यूम डेसिकेटर चालेल, आणि एक बाटली मुद्दाम उघड्या हवेत ठेवून दर आठवड्याला ३६ ते ५० अंशाचा स्कॅन घेत जा. सिलिकॉन मिसळायला विसरू नका, आणि ३७.४ चा पीक ३७.६ कडे सरकतोय का तेवढंच बघायचं.